पाळण्यावरचं गणित

"मग खोटं काय ठरलं बाबा? माझं गणित, की माझी नियत?"

हैदरबाबांच्या तकियात, टेकडीवरच्या त्या फकिरी मठीत, प्रद्योत सकाळी सकाळी असा तणतणत शिरला. एके काळी बाबांच्या पायाशी बसायचा, आता इंजिनियर झालेला. आज सलामही केला नाही.

बाबांनी धुनीत लाकूड सारलं. शेजारी सारजा बसली होती, मांडीवर तान्ही लेक. थंडीत टेकडी चढून आलेली. दुव्याआधी पोरीला जरा शेक मिळू दे, असं बाबाच म्हणाले होते.

प्रद्योत धुनीला पाठ करून नेमका मायलेकींच्या पुढ्यात उभा राहिला.

तालुक्याच्या दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांसाठी त्यानं यंत्र बसवलं होतं. पाळण्यावर टांगलेली तापणारी पट्टी. ऊब पट्टीतून सरळ रेषेत निघते म्हणे, जिथून पट्टी दिसते तिथंच पोचते. म्हणून कॉम्प्युटरवर पट्टीतून लाखो रेषा सोडून, बाळाच्या अंगावर त्यातल्या किती पडतात ते त्यानं मोजलं होतं. आकडा चोख आला. आणि काल पहिलंच बाळ पाळण्यात गार पडलं. ओठ निळे... आईच्या छातीशी धरलं तेव्हा कुठं वाचलं.

"आता दवाखान्यातले म्हणतात, यंत्र उचला. रात्री आणखी एक बाळ जन्मलंय, दीड किलोचं. आई शुद्धीवर नाही. त्याला ठेवणार कुठं? आणि चोर मी!"

"काल बाळ गार पडत होतं, तेव्हा तू कुठं होतास?" बाबांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? तिथंच. डॉक्टर, सिस्टर, मी. तिघंही पाळण्यावर वाकून होतो. जागचे हललो नाही. आणि वर मलाच..."

बाबांची नजर पोरीकडं गेली.

सारजा जरा बाजूला सरकली. हातवारे करता करता तोही तिकडंच सरकला. पोर कुरकुरली. सारजाच्या कपाळावर आठी चढली. एवढ्या शिकलेल्या माणसाला समोरचं लेकरू दिसू नये? पण परक्या माणसाला तोंडावर कसं बोलायचं...

बाबा उठले. प्रद्योतच्या पाठीवर तळवा टेकवला. शर्ट चांगलाच तापला होता.

मग त्याचाच हात धरून त्यांनी पोरीच्या तळपायाला लावला.

गारठलेला.

प्रद्योतच्या डोळ्यांपुढं कालचा पाळणा आला. वर पट्टी, खाली बाळ, आणि मध्ये वाकलेल्या तीन पाठी...

"पाठीवर घेऊन उभा आहेस ते हिच्या वाटणीचं आहे, बेटा," बाबा म्हणाले. "परत दे."