हसण्यावारी नेलेली शंका

वारणेकाठच्या एका गावात चारुदत्त उपळेकर नावाचा एक माणूस मोठ्या माणसांना प्रोग्रामिंग शिकवत असे. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी परतला होता. बी-बियाण्यांच्या दुकानावरची खोली त्याने घेतली, तिथे सहा जुने संगणक मांडले आणि ज्यांना कॉलेजचं तोंड पाहता आलं नाही अशांसाठी शनिवारचा वर्ग सुरू केला. वर्गात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, शिवणकाम करणाऱ्या दोघी जावा होत्या, आणखी चार-पाच जण होते. आणि कालिंदी खोचरे होत्या.

कालिंदीताई अंगणवाडी सेविका. वय बेचाळीस. दर महिन्याला त्या एकोणचाळीस मुलांची वजनं घेत आणि रजिस्टरमध्ये लिहीत. कोणाचं वजन वाढलं नाही, हे मागची पानं उलटून उलटून शोधावं लागे. एकदा असंच एक मूल त्यांच्या नजरेतून सुटलं. पुढे त्याला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मूल बरं झालं, पण ताईंच्या मनाला ते लागून राहिलं. वजनं भरली की कोणतं मूल मागे पडतंय हे संगणकाने आपोआप सांगावं, आणि तसा प्रोग्राम आपण स्वतःच्या हाताने लिहावा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठीच त्या वर्गाला येऊ लागल्या.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला. साधी बेरीज होती. पण तो काही केल्या चालेना. वर्ग सुटला, बाकीचे जिना उतरून गेले, तरी त्या बसून राहिल्या. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"सर, संगणकाला श्री चालत नाही का?"

चारुदत्तने वाकून पाहिलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावं तसं त्यांनी पहिल्या ओळीत 'श्री' लिहिलं होतं. त्या शब्दाचा अर्थ यंत्राला कळत नव्हता आणि ते तिथेच अडत होतं.

त्या दिवशी तो हसला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, "चालतं की, ताई. फक्त त्याआधी हे एक चिन्ह द्यायचं. मग ती ओळ यंत्र सोडून देतं. ती माणसांनी वाचायची." चिन्ह दिलं आणि बेरीज पडद्यावर आली. कालिंदीताईंचा चेहरा असा उजळला, की घरी जाताना चारुदत्तला वाटलं, नोकरी सोडली ते बरंच केलं.

त्यानंतर ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. हळू शिकत, पण एकदा शिकलेलं विसरत नसत. दिवाळीपर्यंत त्यांचा वजनांचा प्रोग्राम अर्धा झाला.

त्याच सुमारास हैदराबादच्या एका मोठ्या परिषदेचं चारुदत्तला बोलावणं आलं. देशभरातले सॉफ्टवेअरवाले तिथे जमणार होते. 'नवशिक्यांना कसं शिकवावं' यावर त्याने बोलायचं होतं. त्याने महिनाभर तयारी केली. नवख्या माणसाचं मन कसं चालतं, ते कुठे बिचकतं, त्याला धीर कसा द्यावा, सगळं जीव ओतून लिहून काढलं.

पण मंचावर उभं राहिल्यावर त्याला दिसलं, की समोरची निम्मी माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसली आहेत. दोघं तर उठून निघून गेले. तो घाबरला. आणि त्या घाबरेपणात, काहीतरी बोलायचं म्हणून, त्याने कालिंदीताईंची 'श्री'ची गोष्ट सांगितली.

सभागृह खदखदून हसलं. माना वर झाल्या. बाहेर गेलेले दोघं दारातून डोकावू लागले. चारुदत्तच्या अंगावरून मोरपीस फिरलं. इतकी माणसं एकदम आपल्याकडे पाहताहेत, हे सुख त्याने आजवर चाखलं नव्हतं.

पुढचं बोलावणं बंगळूरचं आलं. तिथे त्याने ती गोष्ट मुद्दाम सांगितली, आणि थोडी वाढवून सांगितली. आता त्या बाईने संगणकापुढे नारळ फोडला होता. लोक आणखी हसले. मग त्याने एक चित्रच करून घेतलं. हळदीकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला संगणक आणि पुढे हात जोडून बसलेली एक नऊवारीतली बाई.

तो गावी परतल्यावर कालिंदीताईंनी कौतुकाने विचारलं, "सर, तिथं काय बोललात?"

"नवशिके किती कष्ट घेतात, ते सांगितलं," चारुदत्त म्हणाला. मग नजर दुसरीकडे वळवून त्याने जोडलं, "तुमचंही उदाहरण दिलं."

"माझं?" ताईंचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना त्यांनी ते तीन वेळा सांगितलं.

फाल्गुनात पुण्याला परिषद भरली. कालिंदीताईंची भाची प्रणोती पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होती. सरांचं भाषण ऐकायचंच, असा हट्ट ताईंनी धरला, आणि भाचीने दोघींची नावं नोंदवली. ताईंनी सरांना मात्र कळवलं नाही. त्यांना अचानक दिसावं, अशी हौस होती.

चारुदत्त मंचावर आला. नमस्कार करून मान वर केली, तर चौथ्या रांगेत कालिंदीताई. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसलेल्या. वर्गात हात वर करावा तसा त्यांनी थोडासा हात वर केला आणि हसल्या.

चारुदत्तला ते चित्र आठवलं. ते चित्र भाषणाच्या मध्यावर यायचं होतं. एक कळ दाबली की ते गाळून पुढे जाता येणार होतं. कोणाला कळलंही नसतं. गाळायचंच, असं मनाशी ठरवून त्याने बोलायला सुरुवात केली.

पण दहा मिनिटं गेली आणि समोर चुळबुळ सुरू झाली. कोणी जांभई दिली. मोबाइल बाहेर आले. चारुदत्तला हैदराबाद आठवलं. एकच क्षण तो थांबला. मनाशी म्हणाला, आपण कुठे नाव घेतोय? शिवाय गोष्ट इतकी बदललीय, की ताईंनासुद्धा ओळखू येणार नाही. आणि त्याने ते चित्र लावलं.

सभागृह कोसळलं. पुण्यात तो मराठीतच बोलत होता, त्यामुळे एकेक शब्द पोचत होता. नारळाचं सांगून झाल्यावर बाईच्या प्रश्नाची त्याने नक्कल केली. आवाज खाली आणून, हेल काढून म्हणाला, "सर, संगणकाला श्री चालत नाही का?"

प्रणोती पोट धरून हसत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. शेजारी मावशी मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरून चित्राकडे पाहत होती. चारुदत्तने तिकडे पाहायचं टाळलं. पण टाळ्या संपता संपता त्याची नजर गेलीच, आणि ताई हसतच आहेत असं त्याला दिसलं. सगळे हसताना एकट्या माणसाने हसायचं थांबवणं अवघड असतं, म्हणून त्या हसत होत्या.

भाषणानंतर लोकांनी त्याला गराडा घातला. कोणी हात मिळवला, कोणी फोटो काढला. त्यातून सुटून तो चहाच्या मांडवाकडे धावला. ताई एका खांबाशी उभ्या होत्या. भाची चहा आणायला गेली होती. ताईंनी पिशवीतून भडंगाचा डबा काढून त्याच्या हातात दिला.

"तुमच्यासाठी आणला होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सर, नारळ मी कधी फोडला?"

"अहो ताई, ते लोकांना हसवायला. असं थोडं वाढवून सांगावं लागतं. तुमचं नाव कुठे घेतलं मी?"

"नाव नाही घेतलंत." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पण ते मी तुम्हाला एकट्याला विचारलं होतं, सर. सगळे गेल्यावर विचारलं होतं."

भाची चहा घेऊन आली. तिच्यासमोर ताई पुन्हा हसल्या, "चांगलं बोलतात आमचे सर," असं म्हणाल्या आणि निघाल्या.

पुढच्या शनिवारी कालिंदीताई वर्गाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चौथ्या शनिवारी चारुदत्तने त्यांच्या बाकावरचा संगणक उघडला. त्यांचा प्रोग्राम तसाच होता. मुलांची नावं भरलेली, महिने भरलेले. कोणाचं वजन वाढलं नाही हे शोधणारा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. पंधरा-वीस ओळींचं काम.

ते त्याने स्वतः पूर्ण केलं. चारचारदा तपासलं. जुन्या लॅपटॉपमध्ये भरून तो अंगणवाडीत घेऊन गेला. ताई एका रडणाऱ्या मुलीला वजनकाट्याच्या झोळीत बसवत होत्या. वजन पाहून त्यांनी ते रजिस्टरमध्ये लिहिलं, मुलीला खाली उतरवलं आणि सतरंजी अंथरून त्याला बसायला सांगितलं.

"ताई, माझी चूक झाली," तो म्हणाला. "ते चित्र मी काढून टाकलंय. आता कधी सांगणार नाही. आणि हे बघा, तुमचा प्रोग्राम पुरा झाला."

कालिंदीताईंनी पाहिलं. तीन मुलांची नावं लाल अक्षरांत आली होती. त्यांनी ती नावं रजिस्टरशी पडताळली. बरोबर होती. त्यांनी ती एका कागदावर उतरवून घेतली.

"पोरांच्या कामाचं आहे. ठेवून घेते," त्या म्हणाल्या. "पण हा तुम्ही लिहिलात, सर. मला माझा लिहायचा होता."

"अजून लिहिता येईल, ताई. वर्गाला या."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आता हात पुढं होत नाही. बटण दाबायच्या आधी वाटतं, हे चुकलं तर कुठं कुठं जाईल."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली. लॅपटॉप तिथेच ठेवून चारुदत्त उठून गेला.

पुण्याच्या त्या भाषणाची चित्रफीत एव्हाना गावात मोबाइलवरून फिरली होती. शिवणकाम करणाऱ्या जावांनी ती पाहिली होती, कंडक्टरांनीही पाहिली होती. कोणी चारुदत्तला त्याबद्दल शब्दाने विचारलं नाही. सगळे वेळेवर येत, नमस्कार करत, आपापल्या जागी बसत. मात्र आता वर्गात कोणी प्रश्न विचारत नसे. समजलं का म्हटलं, की सगळे मान डोलवत. कोणाचं काही अडलं आणि चारुदत्त त्या बाकाकडे येताना दिसला, तर तो पोचायच्या आत ते घाईघाईने चुकलेली ओळ पुसून टाकत. तो जवळ जाऊन पाही, तेव्हा पडदा कोरा असे.

तात्पर्य: शिकणारा आपली चूक विश्वासाने शिक्षकाच्या हाती देतो. ती चारचौघांत हसण्यासाठी वापरणारा शिक्षक ज्याचा विश्वास मोडतो, त्याचं शिकणंही मोडतो. आणि मागाहून झालेल्या पश्चात्तापाने ते पुन्हा सांधता येत नाही.