आवळीखालचे मीठ

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, जुन्या आवळीच्या मुळांशी बीळ करून, एक साळू राहत असे. अंगावर हे एवढाले काटे, पण स्वभावाने इतकी मऊ की शेजारच्या मुंग्या तिच्या दारातून न विचारता जा-ये करीत. साळूच्या हाताला एक गुण होता. ती पानगे फार सुरेख भाजायची. नाचणीचे पीठ मळायचे, पळसाच्या दोन पानांमध्ये थापायचे आणि निखाऱ्यांखालच्या गरम राखेत पुरून ठेवायचे. पान करपले की पानगा झाला. वरचे पान सोलले की पानाच्या शिरा पानग्यावर जशाच्या तशा उमटलेल्या दिसायच्या, आणि वास असा सुटायचा की जेवून आलेलाही पुन्हा मांडी घालून बसावा.

पाऊस सरतो, गवत पिवळे पडते, पहाटे दंव पडू लागते, तेव्हा कार्तिक येतो. कार्तिकातल्या नवमीला माणसे आवळीच्या झाडाखाली बसून जेवतात. त्याला आवळीभोजन म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. माणसे हे रानाकडून शिकली की रान माणसांकडून, तो वाद आपण घालू नये. साळूकडेही दर नवमीला आवळीभोजन असे. थाट म्हणाल तर काहीच नाही. खळ्यावर सांडलेली नाचणी खार वेचून आणी. पळसाची पाने होला चोचीतून आणी. गुराखी शेकून उठले की त्यांच्या शेकोटीतला निखारा साळू खापरीत घालून आणी. आणि मीठ आणी एक म्हातारे कासव.

बाळांनो, मीठ ही चीज मोठी गमतीची. दुकानात ते सगळ्यात खाली, दारापाशी, गोणीत पडलेले असते. त्याचे कौतुक करायला कुणी येत नाही. पण घरातले संपले की गिऱ्हाईक जेवणाच्या ताटावरून उठून येते. कासवाचेही तसेच होते. ते राहायचे पार लांबच्या तळ्याकाठी. तिथे एक खारट पांढरा दगड होता, हरणे चाटायला येत तो. त्याचा एक तुकडा तोंडात धरून कासव दसऱ्यालाच घरून निघे, तेव्हा कुठे नवमीपर्यंत आवळीखाली पोचे. वाटेत कुणी विचारले, "काय आजोबा, कुणीकडे?" तर उत्तर नाही. तोंड उघडले तर मीठ पडायचे! मोठ्ठा तुकडा घेऊन निघालेले ते कासव येईपर्यंत त्या तुकड्याचे बोर होऊन जाई. पण तेवढे पुरायचे. पानग्याला चव त्याच बोराची असायची.

जेवणे झाली की सगळे आपापल्या घरी जात. कासव मात्र घरी जात नसे. थंडीत त्याला जमिनीत पुरून घ्यावे लागे आणि आता त्याचे पाय थकले होते. गारठलेली, आवळून बसलेली माती त्याला उकरता येत नसे. साळू निखारे बाजूला सारी. त्याखालची माती ऊबदार आणि भुसभुशीत झालेली असे. कासव हळूहळू तिच्यात शिरे, साळू वरून राख पसरी, आणि मग ते थेट शिमग्याला बाहेर येई.

"साळू, तुझा विस्तव आहे म्हणून माझा हिवाळा निभतो, पोरी," असे ते दर वर्षी म्हणे.

"आणि आजोबा, तुमचं मीठ आहे म्हणून माझा पानगा घशाखाली उतरतो," साळू म्हणे. "झाली फिटंफाट. झोपा आता."

अशी कितीतरी वर्षे गेली. एका वर्षी पावसाळा सरता सरता टेकडीवरचा मोर खाली उतरला. गेल्या नवमीचे चिमूटभर उरलेले मीठ घालून साळू पानगे भाजून पाहत होती. नवी नाचणी कशी निघाली ते बघायला. मोराने एक तुकडा मागितला, चोचीत घोळवला आणि डोळे मिटले.

"साळूबाई, हा हात तुम्ही या झुडपात का कुजवताय?"

"झुडूप कसलं? आवळी आहे ती," साळू म्हणाली.

"तेच ते. चार जण बसले की पाचव्यानं उभं राहायचं. याला सण म्हणतात की शेजारणींची न्याहारी? यंदा वर टेकडीवर या. पौर्णिमेला पलीकडच्या रानातली बडी मंडळी यायची आहेत. नवमी सोडा, पौर्णिमेला करा. बघू दे सगळ्यांना, आमच्या टेकडीवर कोण भाजतंय ते."

फुकट मिळणारी वस्तू दोनदा तोलून घ्यावी, असे बाजारातली जुनी माणसे सांगतात. कौतुक ही तर त्यातली पहिली वस्तू. पण साळूला इतक्या वर्षांत कुणी असे म्हटले नव्हते. मित्र पानगे खात, बोटे चाटत आणि दुसरा मागत. त्यात कौतुकच होते, पण ते शब्दांत नव्हते. साळूने शब्द ऐकले आणि तिच्या पाठीवरचे काटे आनंदाने सळसळले. दुसऱ्याच दिवशी ती खार आणि होला यांना घेऊन टेकडीवर राहायला गेली.

तिथे कामाचा डोंगर पडला. कुर्डूच्या तुऱ्यांची तोरणे करा, दगड पुसा, नाचणी दळा, पानांचे ढीग निवडा. असेच एकदा पाने निवडताना होला म्हणाला, "साळूताई, कासवआजोबांना कळवायला हवं. आपली जागा बदलली, तिथीही बदलली."

"अरे हो. जा की, सांगून ये," साळू म्हणाली.

होला तळ्यावर जाऊन परत आला. धाप लागलेली होती. "आजोबा घरी नाहीत. नेहमीसारखे दसऱ्यालाच निघालेत. आता वाटेवर कुठंतरी असतील, गवतात दिसायचे नाहीत. मी खालून खालून उडत शोधतो. वेळ लागेल, पण सापडतील."

"कोण आजोबा?" जवळच उभ्या असलेल्या मोराने विचारले.

"मीठ आणतात," साळू म्हणाली.

"मीठ?" मोर हसला. "अहो, इथं मधाची पोळी लटकलीत, आणि तुम्ही मीठ घेऊन बसलात! आणि तो चिखलाचा गोळा आमच्या पंगतीत बसवायचा कुणाशेजारी?"

"टेकडी चढेपर्यंत त्यांना शिमगाच उजाडेल," खार बोलून गेली आणि फिस्सकन हसली. मग आपणच हसलो हे लक्षात येऊन तिने शेपूट तोंडावर घेतली.

साळूने पानांच्या ढिगाकडे पाहिले, मोराकडे पाहिले. "राहू दे रे, होल्या," ती म्हणाली. "आवळीखाली कुणी दिसलं नाही की समजतील आजोबा. आधी ही पानं संपव."

"आणि त्यांचा हिवाळा?"

"एक वर्ष दुसरीकडे पुरून घेतील. एवढं मोठं रान पडलंय."

होल्याने मान खाली घातली. तो पाने निवडू लागला. साळूनेही त्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

यंदा थंडी लवकर उतरली. नवमीच्या दिवशी तर टेकडीवर वारे असे झोंबत होते की पक्षी उन्हात फुगून बसले होते. साळूला खाली, लांबवर, आवळीचा शेंडा दिसत होता. ती जरा वेळ तिकडे बघत राहिली. जाऊन यावे का, असे तिच्या मनात आले. इतक्यात मोराने हाक मारली, "साळूबाई, तोरण सुटलंय!" आणि ती तोरण बांधायला गेली. पुढचे दिवसही असेच एकेका कामात गेले.

पौर्णिमा आली. भर दुपारी पाहुणे जमले. पंगत अशी की कुणाच्या शेजारी कोण बसले आहे ते कुणाला ठाऊक नव्हते. साळूने राखेतून पानगे काढले, पाने सोलली. शिरा सुरेख उमटल्या होत्या, वास सुटला होता, मध वरून ओघळत होता. मोराने पहिला घास घेतला. त्याची चोच मध्येच थांबली.

"साळूबाई, त्या दिवशीची चव नाही आली. काही घालायचं राहिलं का?"

दुसऱ्या पाहुण्याने घास गिळला आणि पाणी मागितले. तिसऱ्याने पानगा पुन्हा पानात गुंडाळून हळूच मागे सारला. कुणी भांडले नाही, कुणी टाकून बोलले नाही. बडी मंडळी अशा वेळी फक्त हवापाण्याच्या गप्पा काढतात. थोड्या वेळाने मोर नाचायला उठला आणि सगळे तिकडे वळले.

साळूने एक पानगा उचलून खाल्ला. अळणी. मधाच्या खाली नुसती माती खाल्ल्यासारखा अळणी. मीठ राहिले हे लक्षात येताच तिला कासवाचे ते मिटलेले तोंड आठवले, आणि तिने हातातला पानगा खाली ठेवला.

"खारूताई, निखारे घे," ती म्हणाली. "होल्या, तू पुढं हो."

साळू आयुष्यात अशी कधी धावली नव्हती. काटे झुडपांत अडकत होते, काही मोडून तिथेच राहत होते. खापरीतले निखारे वाऱ्याने फुलत होते. ती आवळीशी पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. होला खालच्या फांदीवर बसला होता. तो तिच्याकडे न बघता खाली मुळांशी बघत होता, त्यावरूनच तिने ओळखले. तरी ती पुढे गेली.

जिथे दर वर्षी विस्तव पेटे, तिथे एक पळसाचे पान अंथरले होते. त्यावर पांढऱ्या दगडाचा तुकडा होता, चांगला आवळ्याएवढा. शेजारी जमिनीवर ओरखडे होते. बोटभर खोलसुद्धा गेले नव्हते. आणि ओरखड्यांपाशी कासव होते, पाय आणि डोके आत ओढून घेतलेले.

"आजोबा," साळूने हाक मारली. "अहो आजोबा, मी आले. पेटवतेच आता."

तिने भराभर काटक्या रचल्या, निखारे घातले, फुंकर मारली. ज्वाळा उठली. तिने कासवाला विस्तवाजवळ सरकवले. पाठ ऊन झाली, पण आतून काही हालचाल झाली नाही.

आवळीच्या मुळाशी राहणारी एक मुंगी बाहेर आली. "काल पहाटेपर्यंत होते गं," ती म्हणाली. "नवमीला आले. तोंडात दगड, त्यामुळं बोलायचे नाहीत. पान हललं तरी मान वर करून बघायचे. मग दगड विरघळायला लागला, तेव्हा पानावर काढून ठेवला. म्हणाले, हा तोंडातच संपला तर साळू पिठात काय घालील?"

"तू त्यांना सांगायचं होतंस की मी टेकडीवर आहे."

"सांगितलं की. म्हणाले, काम असेल तिला, येईल. मी म्हटलं, आजोबा, आमच्या वारुळामागं माती मऊ आहे, तिथं तरी पुरून घ्या, थंडी वाढतेय. तर म्हणाले, मी इथून हललो तर साळूला मीठ कुठं सापडेल? आणि इथंच उकरत बसले."

साळू खाली बसली. खार रडत होती. साळूला रडताही येईना. विस्तव सबंध रात्र जळला. उजाडता उजाडता साळूने निखारे बाजूला सारले. खालची माती ऊबदार आणि भुसभुशीत झाली होती, दर वर्षीसारखी. पण आत शिरणारे कुणी नव्हते. तिने आपल्या पंजांनी खड्डा केला, कासवाला आत ठेवले, आणि वरून राख पसरली.

पुढच्या कार्तिकात मोराचे बोलावणे पुन्हा आले. साळूने निरोप पाठवला, "आमचं आवळीभोजन नवमीलाच, आवळीखालीच असतं." नवमीला खार नाचणी घेऊन आली, होला पाने घेऊन आला. पंगतीत तिघेच. साळूने तो पांढरा तुकडा बाहेर काढला, कुटला आणि पिठात घातला. पानगे झाले. खारीने घास घेतला. मग दुसरा घेतला.

चव बरोबर आली होती. मीठ त्या एका वेळेपुरतेच होते.

जेवणे झाल्यावर साळूने निखारे बाजूला सारले, माती हाताने चाचपून पाहिली, आणि ती गार होईपर्यंत तिथे बसून राहिली. अजूनही ती दर नवमीला तशीच बसते, म्हणतात.

तात्पर्य : नव्या पाहुण्यांसाठी सणाची जागा बदलण्याआधी, जुन्या जागी आपली वाट पाहत कोण थांबेल, हे आठवावे. थाट पुढच्या वर्षीही करता येतो, पण थांबलेला मित्र पुढच्या वर्षी असेलच असे नाही.