खिडकीची बुजवलेली भोकं

अगं केतू, फोन ठेवू नकोस, आधी ऐक, आत्ता आमच्याकडे काय झालं ते!

आमची हॉलची स्लायडिंगची खिडकी गळते ना, तर रविवारी दादाने सिलिकॉन आणून झाडून सगळ्या फटी बुजवल्या. फ्रेमच्या खालच्या पट्टीला बाहेरून दोन भोकं होती, तीही. आणि आज पाऊस आला तर खिडकीच्या खाचेत तळं! पाणी थेट सोफ्यावर.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सर आले, दादाचे शाळेतले. आई फडकं पिळत होती. म्हणाली, "सर, हे असते ना आज, तर..."

"आई, चहा टाक ना," दादा लगेच मध्ये. बाबा जाऊन वर्ष होईल आता. पण आईने त्यांचा विषय काढला की हा बदलतो. तिला त्रास नको म्हणून गं. फोटोसुद्धा कपाटात ठेवलाय. आई फडकं ठेवून आत गेली.

आणि सरांनी काय करावं? टेस्टर मागितला, हात बाहेर काढला आणि बुजवलेली भोकं कोरायलाच लागले!

"अहो सर, तिथूनच येतं पाणी!"

"येत नाही रे, जातं! शाळेतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचास." आणि खरंच, बाहेर धार लागली, खाच रिकामी.

मग सर हळू आवाजात म्हणाले, "निनाद, पाऊस आहे तोवर पाणी येणारच. वाट ठेवली की निघून जातं, बुजवली की घरात शिरतं. मघाशी आईंनाही तू असंच बुजवलंस. परवा भाजीवाल्यासमोर रडत होत्या त्या. घरात जागाच नाही ना."

दादाचं तोंड एवढंसं झालं. आई चहा घेऊन आली, तर यानेच विचारलं, "आई, आपण इथे राहायला आलो तेव्हा कसं होतं गं?"

आईने कप खाली ठेवले. मग म्हणाली, "काचासुद्धा बसल्या नव्हत्या रे. प्लास्टिक बांधलं होतं. ते फडफडलं की तू दचकायचास. मग तुझे बाबा एका हाताने प्लास्टिक धरायचे, दुसऱ्या हाताने तुला थोपटायचे. आणि गाणं म्हणायचे, तेही बेसूर!" हसली आणि हसता हसता रडायलाच लागली गं.

दादा उठला, पुन्हा बसला. सर खिडकीबाहेर बघत राहिले. आई रडत होती, मध्येच नाक पुसून पुढचं सांगत होती, आणि दादा नुसता म्हणत होता, "मग?"

मला तर धावत जाऊन तिला गप्प करावंसं वाटत होतं. तू असतीस तर काय केलं असतंस?