दिगंबर गुरुजी आणि देवगांडूळ

घाटमाथ्यावरच्या एका वाडीत दिगंबर नावाचे एक गुरुजी होते. शाळा तेव्हा देवळाच्या ओसरीत भरायची. सारवलेली जमीन, मागे वाहणारा ओहोळ आणि समोर बावीस मुलं. म्हातारपणी शहरात लेकाकडे राहताना गुरुजींना ते दिवस फार आठवायचे. त्यातली एक श्रावणातली दुपार तर सगळ्यांत जास्त.

शाळेच्या बागेसाठी मुलं ओहोळाकाठचा पाचोळा काढत होती. एकाएकी ओल्या मातीत काळपट, अंगावर पिवळा पट्टा असलेलं काहीतरी वळवळलं. मुलं मागे पळाली. गुरुजींनी काठी उचलून दोन घावांत ते मारलं.

"विषारी साप होता," ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दूध घालायला आलेली ठकूबाई धनगरीण पुढे झाली. वाकून पाहत म्हणाली, "गुरुजी, ह्यो साप न्हाई. देवगांडूळ हाय, नावालाच गांडूळ. अंगावरच्या वळ्या बघा. ह्याला इख नसतं. बिचारं मातीत ऱ्हातं, गांडुळं, वाळवी खातं." मग तिने माती हलकेच बाजूला सारली. खाली मण्यांच्या माळेसारखी अंडी होती. "आई व्हती ही. अंड्यांना वेटोळं घालून बसली व्हती. आता ती जगायची न्हाईत."

गुरुजींचा चेहरा उतरला. पण मुलं बघत होती. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असं तोडून बोलून ते ओसरीवर परतले.

घरी ते ताटावरून तसेच उठले. मुलं आपला शब्द खरा मानतात, उद्या ती अशी दहा मारतील, हे त्यांना कळत होतं. कबूल करावं, तर इतक्या वर्षांचा मान जाईल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकूबाईला बोलावून आपल्या खुर्चीवर बसवलं. मुलांना म्हणाले, "काल मी साप समजून एका आईला मारलं. मला माहीत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली. वर ठकूबाईंना टाकून बोललो. आज त्या शिकवतील. मीही ऐकणार आहे."

आणि ते मुलांमध्ये मांडी घालून बसले. ठकूबाई आधी अवघडली. मग देवगांडुळाची पिल्लं ओहोळात कशी उतरतात, ते रंगून सांगू लागली.

मुलं हसतील, असं गुरुजींना वाटलं होतं. कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत छोटी गोदा त्यांच्याजवळ आली. मग म्हणाली, "गुरुजी, परवा शेवंताची पाटी मी फोडली होती."

तात्पर्य: आपली चूक चारचौघांत कबूल केल्याने मान जात नाही, उलट आपल्याकडे पाहून इतरांनाही खरं बोलायचं बळ येतं.