घडेमुंग्या आणि गुळाचं पाणी

एका गावात एक बाई होती आणि सगळ्या गावाचा जीव तिच्या घरातल्या एका खापराच्या पेटीत टांगलेला होता. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखरच टांगलेला होता.

त्या पेटीत मुंग्या होत्या. गावकरी त्यांना घडेमुंग्या म्हणत. या मुंग्यांची तऱ्हा वेगळी. रानात बाकीच्या मुंग्या फुलांचा रस पिऊन येत आणि काही ठरावीक मुंग्यांच्या तोंडात तो थेंब थेंब ओतत. त्या ठरावीक मुंग्यांचं पोट फुगत फुगत हरभऱ्याएवढं होई. मग त्या छताला पाय रोवून नुसत्या लटकून राहत. फुलं आटली की हडकुळ्या मुंग्या येऊन त्यांच्याकडून तोच रस मागून घेत आणि फुगलेली पोटं पुन्हा उतरत.

आता गावानं मुंग्या कशाला पाळाव्यात, असं तुम्ही विचाराल. कारण होतं गावाची विहीर. गावाला विहीर एकच आणि ती मोठी लबाड. आतला झरा संपत आला तरी ती भरलेली दिसे आणि मग एकाएकी आठ दिवसांत तळ दाखवी. डोंगरावरच्या झुडपांना मात्र आधी कळे. मुळं कोरडी पडली की फुलांतला रस कमी होई, रस कमी झाला की मुंग्यांची पोटं उतरत, आणि पोटं उतरली की गाव सावध होई. केळीच्या बागांचं पाणी बंद, घरटी दोन घागरी, गुरं नदीकाठच्या गावांत. असे कितीतरी वाईट उन्हाळे गावानं काढले होते.

म्हणून मुंग्यांच्या राखणदारणीला गावात मोठा मान. ही बाई तर त्या कामात तरबेज होती. पेटीचं छत तिनं मुद्दाम खरबरीत ठेवलं होतं, कारण गुळगुळीत छतावरून फुगलेली मुंगी निसटते आणि खाली पडली की पोट फुटून मरते. एका कोपऱ्यातली वाळू ती रोज ओली करी. पेटीच्या समोरच्या बाजूला काच होती आणि तिच्यावर जाड काळं कापड असे. त्या खोलीत पाय आपटायचा नाही, शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायची! आणि सगळ्यांत कडक नियम असा, की डोंगरावर धायटीची ठरलेली शंभर झुडपं होती, त्यांच्या फुलांतून सकाळी द्रोणात जमेल तेवढाच रस मुंग्यांना द्यायचा. वर एक थेंब नाही.

दर सोमवारी पाटील गावातली चार माणसं घेऊन तिच्या उंबऱ्याशी येत आणि विचारत, "वैनी, घडे कसे?"

ती हलकेच कापड वर करी. काचेतून सोनेरी पोटांची रांग दिसे. "भरलेत," ती म्हणे, आणि लोक निश्चिंत होऊन घरी जात.

या बाईला एकुलता एक मुलगा होता. कष्टाळू, दिसायला नीटस, पण लग्न काही जमत नव्हतं. त्या मुलखात मुलगी द्यायची म्हणजे लोक आधी पाणी बघत, मग मुलगा बघत. दोन स्थळं हातची गेली होती. दुसऱ्यांच्या वराती गेल्या की मुलगा ओसरीवरून उठून आत जाई. आई ते बघत राही.

अखेर एक चांगलं स्थळ आलं. मुलीच्या बापानं निरोप पाठवला, "मला मानपान नको, काही नको. फाल्गुनात येतो. तेवढ्या तुमच्या घडेमुंग्या दाखवा."

बाई हरखली. आणि नेमकं त्याच आठवड्यात, शंभर झुडपं फिरून झाली तरी द्रोण अर्धाच भरला.

दुसऱ्या दिवशी पाव द्रोण. तिसऱ्या दिवशी नुसता तळ ओला झाला. पेटीतल्या हडकुळ्या मुंग्या छताकडे चढू लागल्या. चार दिवसांत कडेची पोटं सैल पडली. पाहुणे यायला दहा दिवस होते.

भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, तिनं दाराला आतून कडी घातली. गुळाचा खडा पाण्यात विरघळवला आणि पेटीत ठेवला. "पाहुणे जाईपर्यंतच," ती स्वतःशीच म्हणाली. "त्यानंतर खरं सांगून टाकीन. दहा दिवसांनी काय बिघडतंय?"

मुंग्यांना काय, गूळ गोड लागला. त्या तुटून पडल्या. दहा दिवसांत पोटं अशी टरारली, की तिनं आजवर कधी पाहिली नव्हती.

पाहुणे आले. मुलीच्या बापानं काचेतून बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "विहीणबाई," तो म्हणाला, "पोरीला पाण्याचं सुख आहे. आमचं ठरलं!" वैशाखातली तिथी धरली. मुलगा त्या दिवशी ओसरीवर बसून मोठ्यानं हसला. ते हसू बघून आईला भरून आलं. मीही तिला त्या घडीला नावं ठेवणार नाही. आईच ती.

पण पाहुणे गेले आणि खरी अडचण पुढे उभी राहिली. गूळ बंद केला तर पोटं उतरणार, गावात बोभाटा होणार आणि ती बातमी मुलीच्या गावी पोचणार. लग्न मोडणार. तिनं पुन्हा कडी घातली.

सोमवार आला. "वैनी, घडे कसे?"

"भरलेत."

यात खोटं काय होतं? घडे भरलेले होतेच की! तिनं मनाची अशी समजूत घातली. पण पाटलांच्या मागून कुंभारीण म्हणाली, "यंदा रंग गडद दिसतोय गं. दरसाल पिवळे असतात, हे तर तांबूस वाटतात."

"या साली फुलंच वेगळी फुललीत," बाई म्हणाली आणि तिनं कापड झटकन खाली सोडलं.

तेव्हापासून तिला घास गोड लागेना. सकाळी रिकामा द्रोण घेऊन ती डोंगर उतरे तेव्हा खाली केळीच्या बागांत पाटाचं पाणी खळाळत असे. घडे भरलेले आहेत म्हटल्यावर लोक हात का आखडतील? तिला वाटे, धावत जाऊन बांध घालावा आणि ओरडून सांगावं. मग तिला मुलाचं हसू आठवे आणि पाय घराकडे वळत.

एका सकाळी मुलगा पाणी भरून आला आणि म्हणाला, "आई, आज दोर हातभर जास्त लागला."

"दोर नवा आहे. ओला झाला की ताणतो," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"ताणला असेल. घडे तर भरलेत ना?"

"हो."

"मग झालं," म्हणून तो निवांतपणे कामाला गेला. आईवरच्या विश्वासानं त्यानं आपल्या हातातल्या दोरावर विश्वास ठेवला नाही.

लग्नाआधीचा शेवटचा सोमवार उजाडला. आज सांगायचंच, असा तिनं निश्चय केला होता. अजून वेळ होता. आज बागांचं पाणी तोडलं असतं तर पाऊस येईपर्यंत प्यायला पुरलं असतं. पाटील आले. त्यांच्या मागे अंगणात हळद दळायला जमलेल्या बायका जात्यावर गात होत्या.

"वैनी, घडे कसे?"

तिनं कापड वर केलं. "पाटील," ती म्हणाली, "एक बोलायचं होतं..."

तेवढ्यात पेटीत टप्प असा आवाज झाला. गूळ पिऊन पिऊन अवजड झालेली एक मुंगी छतावरून सुटली होती. तिचं पोट फुटलं आणि पेटीच्या तळाशी तांबडा डाग पसरला. बाई त्या डागाकडे बघत राहिली.

"काय पडलं?" पाटलांनी विचारलं.

अंगणातल्या बायकांनी नवऱ्यामुलाचं नाव गाण्यात घेतलं आणि सगळ्या हसल्या. बाईच्या ओठांवर आलेलं सगळं माघारी गेलं.

"काही नाही," ती म्हणाली. "भरलेत."

"आणि बोलायचं काय होतं?"

"लग्नाला लवकर या, एवढंच."

लग्न थाटात झालं. चारशे पानं उठली. आल्यागेल्याला हंडे भरभरून पाणी, मांडवापुढे सडे, बैलांना आंघोळी. "पाण्याचं गाव हो!" असं वऱ्हाडी एकमेकांना सांगत होते. बाई सगळ्यांना वाढत होती आणि स्वतः मात्र पाण्याला शिवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे नवी सून विहिरीवर गेली. पहिली घागर तिनं भरायची, बाकीच्या बायकांनी भोवती उभं राहून गाणं म्हणायचं. सुनेनं पोहरा सोडला. दोर संपत आला तरी बुडबुड ऐकू आली नाही. खालून दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि बायकांचं गाणं थांबलं. सुनेनं पोहरा वर ओढला. त्यात चिखल होता.

हिरव्या चुड्याच्या हातांत तो पोहरा धरून ती सासूकडे बघत राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली, "घडे तर भरलेले होते ना?"

गाव विहिरीवर जमलं. मग सगळ्यांसमोर बाईनं सांगितलं. गूळ, कडी, रंग, तो डाग, काही लपवलं नाही. कुणी अंगावर धावून गेलं नाही. ते झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पाटील म्हणाले, "वैनी, नुसत्या तोंडानं खोटं बोलली असतीस, तर आम्ही मुंग्यांकडं बघून ओळखलं असतं. तू मुंग्यांनाच खोटं बोलायला लावलंस. आता आम्ही कुणाकडं बघायचं होतं?"

पावसाला दीड महिना होता. नदी दोन कोसांवर. केळीच्या बागा उभ्या वाळल्या. गुरं घाईनं हाकलली, पण नदीकाठच्या गावांनी आधीच दुसऱ्यांची गुरं ठेवून घेतली होती, त्यामुळे पुष्कळ जनावरं वाटेतच बसली आणि उठली नाहीत. माणसं जगली, पण रोज चार कोस चालून जगली. बाई सगळ्यांच्या आधी निघे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात घागरी ठेवी. लोक पाणी घेत, पण तिच्याशी बोलत नसत.

आठव्या दिवशी सुनेचा बाप बैलगाडी घेऊन आला. तो ओरडला नाही की भांडला नाही. ओसरीवरही चढला नाही. "पोरी, बस गाडीत," एवढंच म्हणाला.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं बायकोला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

बाई नदीहून डोक्यावर घागर घेऊन येत होती, ती तशीच गाडीच्या आडवी गेली. "सूनबाई, नको गं जाऊस," तिनं हात जोडले. "तुझ्यासाठीच तर केलं मी हे सगळं. पाणी नाही असं कळलं असतं तर तू आली असतीस का या घरात?"

सुनेनं डोळे पुसले. "ते मला माहीत नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "कदाचित आले असते. आले असते तर दोन कोस चालायचं ठरवून आले असते, आणि मग मला कुणी न्यायला आलं असतं तरी गेले नसते. तुम्ही मला ठरवूच दिलं नाहीत."

गाडी निघाली. मुलगा आत गेला आणि दार लावून घेतलं. बाई रस्त्यात उभी राहिली. तिच्या डोक्यावर नदीहून आणलेली घागर तशीच होती, आणि ती उतरवायला तिच्या घरातून कुणी बाहेर आलं नाही.

तात्पर्य एवढंच: धोक्याची खूण झाकली म्हणून धोका टळत नाही, सावध व्हायला मिळालेले दिवस तेवढे वाया जातात, आणि ते आपले एकट्याचे नसतात.