सुपडू पाटकऱ्याची कामगिरी

फार जुनी गोष्ट. राजे अजून जन्माला यायचे होते, आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. माणसं नदीच्या काठाकाठाने भटकायची, मिळेल ते खायची. मग कुणीतरी ओल्या गाळात सातूचे दाणे टाकले. ते उगवले. भटकणारी माणसं झोपड्या बांधून तिथेच बसली. नदीकाठच्या अशाच एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी राहायचा.

पाऊस सरला की नदी आटायची आणि उभं पीक वाळायचं. म्हणून गावाने मिळून नदीत बांध घातला, शेतांपर्यंत पाट खणला. खणायला सगळे होते. पाट पुरा झाला आणि त्यातले निम्मे सांगणारे झाले. उखा सगळ्यांत मोठ्याने सांगायचा, म्हणून तो कारभारी झाला. नदीने माणसाला आधी धान्य दिलं, आणि पाठोपाठ कारभारी दिला.

सांगणारे पुष्कळ झाले, ऐकणारा सुपडू एकटाच. मग पाटाचं पाणी सांभाळायला पाटकरी म्हणून त्यालाच नेमलं.

"काम सोपं आहे," उखा म्हणाला. "पाणी आलं की त्याला वाट दे."

"देतो, कारभारी."

बांधाचं दार उघडलं. पाणी पाटातून धावत आलं. सुपडू पाटात उभा होता. तो लगबगीने बाहेर आला, बाजूला झाला आणि हात जोडून म्हणाला, "या. व्हा पुढे."

पाणी पुढे झालं. पाटाची कड फोडून उखाच्या नुकत्याच पेरलेल्या शेतात शिरलं, सगळं बियाणं उचललं आणि परत नदीला जाऊन मिळालं.

उखा धावत आला. "अरे गाढवा, बघत काय राहिलास? वरून काही आलं की चिखल टाकायचा! टोपलीवर टोपली टाकायची, पण अडवायचं!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

आणि सुपडू खरोखरच ध्यानात ठेवायचा. सांगितलेलं ध्यानात ठेवणारा गावात तेवढा एकच होता. तीच पंचाईत होती.

उखाने पुन्हा पेरणी करवली. आता नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक गाव वसलं होतं. त्याला सगळे वरगाव म्हणायचे. तिथली जाणती माणसं एके सकाळी उतरून आली. पाणी कमी पडलं तर दोन्ही गावांनी आळीपाळीने घ्यावं, असं ठरवायला आली होती. सोबत भेट म्हणून बैलांची जोडी आणली होती.

सुपडूने पाहिलं. वरून काहीतरी येतंय! त्याने टोपली भरली.

पहिली टोपली म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या दाढीवर बसली. दुसरी बैलावर. "थांबा! थांबा!" पाहुणे ओरडले. सुपडूला वाटलं, हेही अडवायलाच सांगताहेत. त्याने तिसरी टाकली.

वरगावकर बैल घेऊन आल्या वाटेने परत गेले. पाण्यावरून दोन गावांचं वाकडं आलं. पुढे सगळ्या नद्यांवर ती रीतच पडली.

उखाने कपाळ बडवून घेतलं. "अरे, दारी कुणी आलं तर पाय धुवायला पाणी द्यावं! आत घ्यावं, पोटभर खाऊ घालावं, जाताना पुन्हा या म्हणावं!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

सातू गुडघ्याएवढा झाला. दिवस कलता कलता रानडुकरांचा कळप काटेरी कुंपणापाशी आला. सुपडूने मडकं भरून आणलं. मग कुंपणाचा काटा बाजूला सारून त्याने कळप आत घेतला. "सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. निघताना "पुन्हा या" म्हणायलाही विसरला नाही. डुकरंही वळणाची. दुसऱ्या दिवशी पिल्लं घेऊन आली.

सुपडूची बायको हौसा शेताकडे बघतच राहिली. "अहो, तुम्ही डुकरांचे पाय धुतलेत?"

"चारही धुतले," सुपडू म्हणाला.

हौसाने पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं, तिला कळेना. वर्षभर खायचं काय, हे तिला कळत होतं. उखाला फक्त ओरडायचं कळत होतं.

"सुपड्या!" तो ओरडला. "पिकावर कुणी डोळा ठेवून आला की ढोल बडव! बोंब मार! गोफणीने दगड मार! हाकलून लाव!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

उरलेलं पीक ओंब्यांवर आलं. उखा शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला. पेरायला तो नव्हता, निंदायला तो नव्हता. पण आपला वाटा किती धरावा, याचा अंदाज बांधायला तो वेळेवर आला होता. कुणाच्या शेतात काय पिकलंय, ते तो डोळे बारीक करून न्याहाळू लागला.

सुपडूने त्याच्याकडे नीट पाहिलं. पिकावर डोळा होता, यात शंका नव्हती.

ढोल वाजला. बोंब उठली. गोफण फिरली आणि दगड नेमका कपाळाला लागला. उखा पळाला. सुपडू ढोल बडवत त्याच्यामागे थेट शिवेपर्यंत गेला. पुढचे बरेच दिवस तो बांधावर पहाराच देत राहिला. पिकावर डोळा ठेवणारे गावात पुष्कळ निघाले. या गडबडीत पाट कोरडा पडला आणि ओंब्या माना टाकू लागल्या.

कपाळाला हळद थापून उखा लांबूनच ओरडला, "माझ्याकडे काय बघतोस? धान्याकडे बघ! सुकायला लागलंय! धान्याला आधी पाणी लागतं! पाणी मिळालं तरच धान्य वाढतं, एवढं तरी डोक्यात घाल!"

"असं होय!" सुपडू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

त्याने पाणी सोडलं. ओंब्या ताठ झाल्या, दाणा टपोरा भरला. एक गोष्ट सरळ घडली! गावाने मळणी केली, आणि डुकरांनी खाऊनही वर्षभर पुरेल एवढं धान्य हाती आलं.

मग उखाने नवी टूम काढली. सगळ्यांचं धान्य एका कोठारात ठेवायचं, आणि कुणाला किती द्यायचं ते त्याने सांगायचं. हौसा म्हणाली, "ज्याचं त्याच्या घरी राहू दे की." पण एकत्र ठेवण्यात सगळ्यांचं भलं आहे, असं सांगणाऱ्यांनी सांगितलं. पाटाच्या काठी कुडामातीचं गोल कोठार उभं राहिलं. राखायला सुपडू. दुसरं कोण फुकट बसणार होतं?

हौसाने नवऱ्याला बजावलं, "अहो, कशालाही हात लावू नका. नुसते बसा."

सुपडू नुसता बसला. उखा आला. कोठारात डोकावला. आपला वाटा, मदतनिसांचा वाटा, देवाच्या नावाने काढायचा वाटा, असं मनाशी धरून पाहिलं. मग सुस्कारा टाकला. "छे! कोठार अजून काठोकाठ नाही. धान्य जरा वाढलं असतं तर!"

एवढं बोलून तो जेवायला गेला.

सुपडू उठला. हौसा हात लावू नका म्हणाली होती, म्हणून त्याने हात लावला नाही. फावडं घेतलं. पाटाची कड फोडली, कोठाराच्या दारापर्यंत छानसा चर काढला आणि पाणी आत सोडलं.

धान्य पाणी प्यायलं. फुगलं. दाण्यावर दाणा चढला. कोठाराला बाक आला, कूड करकरला, तडा गेला, आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं अन्न धबाधबा चिखलात आलं.

आवाज ऐकून हौसा आली, गाव आलं, खरकट्या हाताने उखा आला.

सुपडू मात्र गुडघाभर सातूत उभा होता आणि त्याचा चेहरा फुलला होता. "कारभारी," तो म्हणाला, "पाहिलंत? एका जेवणात इतकं वाढलं! आता तुम्ही जरा निजा, तोवर मी कापणीला माणसं बोलावतो."