कपाटातला गूळ

सात वर्षांत एकही अर्ज आला नाही, म्हणून चंदगिरीच्या भूपाळराजाने शिष्यवृत्ती बंद करायचं ठरवलं. राजधानीच्या पाठशाळेत दरसाल शंभर मुलामुलींना सरकारी खर्चाने शिकवायचं, अशी ती शिष्यवृत्ती. आता तो पैसा हत्तीच्या नव्या जरीच्या झुलीला जाणार होता. हत्तीला कुणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट निराळी!

राणीसाहेबांच्या महालात राजा हे सांगत होता, तेव्हा येसू कासारीण राणीला बांगड्या भरत होती. येसू सतरा वर्षांची. गावच्या शाळेत पहिली आलेली, वैद्यकी शिकायची जबर हौस, पण बापाला तो खर्च झेपणारा नव्हता. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"महाराज, असं काही असतं? मला तर आजच कळतंय!"

राजाने दप्तरदार रंगोजीला बोलावलं. "जाहिरात लावली होती ना?"

"नियमाप्रमाणे लावलीय, महाराज!"

"कुठे?"

"दप्तरखान्यात. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने. बाहेर ऊन लागून शाई उडते!"

राणी तोंडाला पदर लावून हसली. राजाला ते झोंबलं. राजा मनाने वाईट नव्हता. पण एकदा बोलला की बोलला, मग भले तोंडावर आपटो.

"हसायचं काय त्यात? गूळ कुठे ठेवलाय, हे मुंग्यांना कुणी सांगतं का? लायक असेल तो शोधत येईल!"

"मुंग्यांना वास तरी येतो, महाराज," येसू म्हणाली. " बंद कपाटातल्या कागदाला कसला वास येणार?"

"फार बोलतेस! मग आण तू मुलं! आठ दिवसांत शंभर! पण शिष्यवृत्तीचं नाव तोंडाने काढायचं नाही, लिहायचं नाही, दवंडी नाही! शंभर आली तर पहिली शिष्यवृत्ती तुला. नाही आली, तर हत्तीला झूल, आणि तुझी बांगड्यांची पेटी पुन्हा या वाड्यात येणार नाही!"

राणीच्या बांगड्यांवर तर येसूचं घर चालत होतं. पण तिने अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "महाराज, बोलायला मनाई आहे, एवढं तरी लोकांना सांगू ना? नाहीतर एखादा चुकून बोलून बसायचा!"

"हे मात्र सांग! चांगलं ठणकावून सांग!"

दुसऱ्या दिवशी मंगळवारचा बाजार. येसूने पेटी उघडली. पहिलंच गिऱ्हाईक पाटलीणबाई. बांगडी अर्ध्या हातावर चढली, म्हणजे माणूस उठून जाऊ शकत नाही, हे कासाराच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही.

"काकी, हात सैल सोडा. तुमची शेवंता शाळा शिकली ना हो पुरती?"

"शिकली की. का गं?"

"मग तुम्हाला नाही सांगता यायचं!"

"काय नाही सांगता यायचं?"

"तेच तर! राजाचा हुकूम आहे. राजवाड्याच्या दप्तरखान्यात कपाटाच्या दाराला आतून काय लावलंय, ते शिकलेल्या पोरांना कळता कामा नये!"

"अगं बाई! असं काय लावलंय?"

"नाही बाई, मान जाईल माझी! आणि काकी, कुणाला बोलू नका हं!"

पाटलीणबाई कुणालाच बोलल्या नाहीत. फक्त जावेला, विहिणीला आणि दळणाच्या रांगेतल्या सगळ्यांना. पाटील पारावर गेले आणि "आपल्यातच ठेवा" म्हणून चारचौघांत बोलले. संध्याकाळपर्यंत गोष्ट षट्कर्णी झाली. आणखी चार गावांचे बाजार होईतो मुलुखातल्या एकाही शाळकरी पोराचं जेवणात लक्ष राहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी राजाला कलकलाटाने जाग आली. बंड झालं की काय, म्हणून तो पागोटं न घालताच धावला. दप्तरखान्यापुढे पोरापोरींची ही गर्दी! कुणी बैलगाडीतून आलेलं, कुणी दोन दिवस चालत. आणि रंगोजी कपाटाला पाठ लावून ओरडत होता, "नियमात बसत नाही! नियमात बसत नाही!"

"कपाट उघडा!" पोरांचा एकच गलका.

राजाने गर्दीत उभ्या असलेल्या येसूला गाठलं. "शर्त मोडलीस! सांगितलंस यांना!"

"यांनाच विचारा, महाराज!"

राजाने पुढच्याच मुलीला दरडावलं. ती पाटलीणबाईंची शेवंता. "खरं बोल! काय सांगितलं हिने?"

"काहीच नाही, महाराज!" शेवंता म्हणाली. "म्हणून तर आलो!"

राजाने स्वतः रंगोजीला बाजूला सारून कपाट उघडलं. शेवंताने कागद मोठ्याने वाचला. 'शिष्यवृत्ती' हा शब्द आला आणि सगळा गलका एकदम थांबला. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने डोळे पुसले, कारण तो परत गेल्यावर वीटभट्टीवर कामाला लागणार होता.

"मोज रे!" राजा म्हणाला.

"तीनशे बारा," रंगोजी पुटपुटला. "पण जागा शंभरच! बाकीच्यांनी घरी जावं, नियमाप्रमाणे!"

येसूने हात जोडले. "महाराज, मुंग्या वासाशिवाय आल्या. आता गूळ काढताना हात आखडू नका. सात वर्षं कुणी चाखलाच नाही, कपाटात किती साठला असेल!"

राजा आधी गालात हसला, मग खो खो हसत सुटला. "हरलो, पोरी! तीनशे बाराही शिकतील, आणि तीनशे तेरावी तू! पहिलं नाव तुझंच!"

मग तो रंगोजीकडे वळला. "कपाटाचं दार काढा, आणि मंगळवारच्या बाजारात नेऊन उभं करा!"

"पण महाराज, उन्हाने शाई उडेल!"

"उडू दे! शेजारी तू उभा राहा, आणि येईल त्याला तोंडाने सांग!"